'कॉन्शस, ओरिएंटेड' लिहिलंत, पण गॅस बंद करता येतो का ते पाहिलंत का?

सातारा जिल्ह्यातील फिजिशियन, मेंदूविकारतज्ज्ञ आणि रुग्णालय व्यवस्थापनांना ऑक्युपेशनल थेरपिस्टांचं खुलं पत्र

स.न.वि.वि.

अर्धांगवायूचा पेशंट घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर एक ओळ हमखास असते: 'कॉन्शस, ओरिएंटेड, व्हायटल्स स्टेबल.' नाव सांगतो, साताऱ्यात आहोत हे कळतं, वार बरोबर सांगतो. ओळ खोटी नसते, पण घरचे तिचा अर्थ भलताच घेतात. डोकं शाबूत आहे, आता हातापायाचा व्यायाम तेवढा राहिला, असं समजून सून रानात जाते, मुलगा एमआयडीसीत ड्यूटीला जातो आणि आजी दुपारी चहा करायला उठतात. गॅसचं बटण फिरवतात नि लायटर शोधू लागतात. लायटर सापडेपर्यंत बटण फिरवलेलं आहे हेच ध्यानातून गेलेलं असतं.

आमची मागणी छोटी आहे. पक्षाघात, डोक्याला मार, मेंदूज्वर, मेंदूची शस्त्रक्रिया किंवा विसरण्याचा आजार, यांपैकी काहीही असलेल्या माणसाला घरी सोडण्याआधी एखादं रोजचं काम प्रत्यक्ष करायला लावा. ते कुठं अडतं ते बघा. आणि कार्डावर गुण लिहून थांबू नका. कुठल्या पायरीला, कुठल्या प्रकारची, किती मदत लागली ते लिहा.

आधी आमच्या विषयाच्या नावाचा घोळ. रुग्णालयात 'ओटी' म्हटलं की वॉर्डबॉय ट्रॉली ऑपरेशन थिएटरकडे वळवतो. 'व्यवसायोपचार' हा मराठी शब्द वापरला तर नातेवाईक विचारतात, शिलाई मशीन मिळणार का? गंमत अशी की या विषयाचा एक धागा आपल्याच जिल्ह्यातून जातो. फलटणला कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे. जिच्या नावानं ती शाळा आहे, त्याच कमलाबाईंनी १९५० साली मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. माणूस दिवसभरात जी कामं करतो ती त्याला पुन्हा करता यावीत, हे या शास्त्राचं काम. त्यात हातापायाची ताकद जेवढी येते तेवढंच लक्ष, स्मरण, क्रम लावणं आणि धोका ओळखणंही येतं.

आता चाचण्यांविषयी. स्मरण, लक्ष, हिशोब तपासणाऱ्या दोन छोट्या चाचण्या नेहमी वापरतात: एमएमएसई १९७५ ची, मोका २००५ ची, दोन्ही ३० गुणांच्या. चाळणी म्हणून त्या उत्तम आहेत आणि आम्हीही वापरतो. घोळ होतो तो त्यांच्या आकड्यावरून घरचा निर्णय घेतल्यावर. मोकात २६ आणि त्यापुढे ठीक समजतात. शिक्षण १२ वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. म्हणजे माण तालुक्यातली, शाळेची पायरी न चढलेली बाई घनाची आकृती काढू शकली नाही, शंभरातून सात-सात वजा करू शकली नाही, तर तिच्या साऱ्या आयुष्याची भरपाई एका गुणात! त्या बाईला तारीख सांगता येत नाही, पण एकादशी झाली की व्हायची आहे हे विचारा. बाजाराचा वार विचारा. पाचशेच्या नोटेतून पावशेर शेंगदाण्याचे पैसे वजा करून किती परत यायला हवेत ते विचारा. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी एमएमएसई नव्यानं बसवून १९९५ साली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली, ती याच अडचणीतून. मोकाचीही कमी शिकलेल्यांसाठी 'बेसिक' आवृत्ती आहे. घाईच्या ओपीडीत मात्र जो कागद हाताशी असतो तोच भरला जातो.

याच्या उलटी चूक जास्त महागात पडते. निवृत्त हेडमास्तर २८ गुण घेतात आणि घरी गेल्यावर सकाळी दहापर्यंत दात न घासता पलंगावर बसून राहतात. 'आळशी झालेत', 'मुद्दाम करतात' असं घर म्हणतं. कारण चाचणीच्या रचनेतच आहे. टेबलावर सुरुवात कोण करतं? आपण. पुढचा प्रश्न कधी, कुठून, थांबायचं कुठं, हे सगळं आपणच ठरवतो. कपाळामागच्या मेंदूचं जे काम बिघडलेलं आहे, ते परीक्षक स्वतःच उचलून देतो आणि मग माणसाला पैकीच्या पैकी मिळतात. घरी परीक्षक नसतो.

रोजच्या कामांत माणूस किती स्वावलंबी आहे ते मोजणाऱ्या बार्थेल इंडेक्सनंही हे भरून निघत नाही. जेवण, अंघोळ, कपडे, संडास, चालणं, जिना अशी त्यातली दहाही कामं शरीराची आहेत. शंभरपैकी शंभर मिळवणारा माणूस दिवसभर एकटा राहू शकेल का, याचं उत्तर त्यात नाही. एफआयएम या तशाच दुसऱ्या मोजपट्टीत १८ पैकी ५ बाबी आकलन, संवाद, स्मरण यांच्या आहेत. निदान तेवढी तरी नोंद व्हावी.

कामाच्या चाचणीआधी काही गोष्टी तपासाव्या लागतात, नाहीतर नोंद भलत्याच आजाराची होते. दोन दिवसांत अचानक बिघडलेलं, सकाळी बरं आणि संध्याकाळी भ्रमिष्ट असं डोकं बहुधा डिलिरियमचं, म्हणजे दुसऱ्या आजारानं किंवा औषधानं आलेल्या तात्पुरत्या गोंधळाचं असतं: लघवीचं इन्फेक्शन, कमी सोडियम, कोंडलेली लघवी, बद्धकोष्ठ, नवीन झोपेची गोळी. अशा वेळी आम्ही चाचणी पुढं ढकलतो. चष्मा घरी राहिलाय का? कानाचं मशीन पिशवीतच आहे का? मोतीबिंदू? वाचा गेली आहे की समजच गेली आहे? वाचा गेली असेल तर तोंडी सूचना देऊन गुण कापणं हा अन्याय. तिथं करून दाखवून काम सांगायचं. फिजिओथेरपीच्या तासानंतर लगेच बोलावलेला माणूस थकलेला असतो, रात्री झोपेचं औषध घेतलेला सकाळी आठला गुंगीत असतो. उदास माणूस 'माहीत नाही' म्हणून सोडून देतो. विसरणारा माणूस बहुतेकदा काहीतरी ठोकून देतो. हा फरक ऐकू येतो, पण त्यासाठी थांबून ऐकावं लागतं.

आता चहा. इस्रायलमध्ये तयार झालेली केटल टेस्ट नावाची चाचणी आहे: दोन वेगळी गरम पेयं करायची, १३ पायऱ्या, प्रत्येकीला ० ते ४, एकूण ५२, आणि जितके गुण जास्त तितकी मदत जास्त. आपल्याकडे तेच काम चहानं होतं. ओट्यावर लागणाऱ्या वस्तूंबरोबर न लागणाऱ्याही ठेवायच्या: मीठ, तिखट, कॉफीची बरणी, झारा. साखर आणि मीठ पारदर्शक बरण्यांत, कारण घरी कुठल्या डब्यात काय आहे ते हाताला माहीत असतं, इथं नसतं. दूध मुद्दाम ओट्याच्या डाव्या टोकाला. रेग्युलेटर बंद. थेरपिस्टनं रेग्युलेटरच्या बाजूला, हात पोचेल एवढ्या अंतरावर उभं राहायचं, नातेवाईक दाराबाहेर.

सूचना एकदाच द्यायची: 'दोन कप चहा करा. एक साखरेचा तुमच्यासाठी, एक बिनसाखरेचा माझ्यासाठी. झाला की सांगा.' मग त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं: 'काय करायचंय ते सांगा बघू.' सूचना कळली नाही आणि सूचना पाळता आली नाही, या दोन गोष्टी पहिल्याच मिनिटाला वेगळ्या व्हायला हव्यात. त्यानंतर गप्प बसायचं. हेच सगळ्यात अवघड आहे; नवखा थेरपिस्ट तिसऱ्या सेकंदाला 'लायटर तिकडं आहे हं' म्हणून मोकळा होतो आणि चाचणी वाया जाते. माणूस अडला की आम्ही मनात दहा मोजतो. मगच मदत, तीही खालून वर चढत: ० म्हणजे काहीच नाही, १ मोघम आठवण ('आता पुढं काय?'), २ बोटानं खूण, ३ थेट सांगणं ('गॅस बंद करा'), ४ हात धरून करवून घेणं, ५ आम्हीच करून देणं. ही शिडी एक्झिक्युटिव्ह फंक्शन परफॉर्मन्स टेस्टची आहे. तिच्यात स्वयंपाक, फोन, गोळ्या आणि बिल अशी चार कामं असतात आणि प्रत्येक काम पाच अंगांनी बघतात: सुरुवात, मांडामांड, क्रम, सुरक्षितता, शेवट. मूळ चाचणीत ओटची लापशी शिजवतात. आपल्याकडं तिच्या जागी चहा येतो. पण असा बदल केल्यावर मूळ चाचणीचे प्रमाणित आकडे लावू नयेत. आपण केलेलं ते निरीक्षण, त्याला गुणपत्रिका म्हणू नये.

दूध वर येण्याच्या सुमारास मुद्दाम एक व्यत्यय आणायचा. फोन वाजवायचा किंवा 'गाव कुठलं तुमचं?' विचारायचं. बोलता बोलता नजर पातेल्यावर राहते का ते पाहायचं.

काय काय बिघडतं ते बघा. कुणी ओट्यासमोर उभंच राहतं, सांगितल्यावर भराभर करतं: सुरुवात होत नाही. कुणी गाळून झाल्यावरही पातेलं ढवळत राहतं: थांबता येत नाही. कुणी लायटर उलटा धरतं, सांडशीनं काय करायचं ते हाताला सुचत नाही, पण 'ही सांडशी' म्हणून नाव बरोबर सांगतं: हा अ‍ॅप्रॅक्सिया, लकव्याची कमजोरी नव्हे. कुणाला दूध सापडतच नाही. 'दूधच ठेवलं नाही तुम्ही,' असं ठामपणे सांगतात, कारण ते डावीकडे आहे. आणि सगळ्यात नेहमीची चूक साखरेची. 'माझा चहा कसा हवाय?' विचारलं तर चटकन उत्तर येतं, 'बिनसाखरेचा.' आणि साखर तर गाळण्याआधीच पातेल्यात पडलेली असते.

या शेवटच्या चुकीवर जरा थांबायला हवं, कारण घरी काय सांगायचं ते तिच्यावर ठरतं. सूचना आठवत नसती तर ओट्यावर चिठ्ठी चिकटवून भागलं असतं. इथं सूचना आठवते, पण हाताला आवरत नाही. चिठ्ठी वाचूनही साखर पडणारच. तिथं वस्तूंची मांडणी बदलावी लागते: साखर कपाटात, कपात वरून घालायची सवय. सुरुवातच होत नसेल त्याला चिठ्ठीही नको नि मांडणीही नको, ठरावीक वेळेला कुणाची तरी हाक किंवा मोबाईलचा अलार्म हवा. 'स्मरणशक्ती कमी, एमएमएसई २२' या नोंदीतून यातलं काहीही कळत नाही.

डाव्या बाजूकडे दुर्लक्ष झालेला माणूस ओळखायला ओटाही लागत नाही, ताट पुरतं. आपल्या ताटाची डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. ती तशीच राहते, भाजी-आमटी संपते. घरचे म्हणतात, तोंडाची चव गेली. ताट फिरवून बघा. नजरेचा अर्धा भाग गेलेला माणूस मान वळवून शोधतो. दुर्लक्ष झालेल्याला तिथं काही असेल असं वाटतच नाही. अशा माणसाच्या हाती मोटरसायकलची किल्ली देण्याआधी ऊसतोडीच्या हंगामातला कुठलाही रस्ता डोळ्यांसमोर आणा.

डोक्याला मार लागलेल्यांत आणखी एक तपासणी: वास. वास गेलेल्याला गळणारा गॅस आणि करपलेली भाजी दोन्ही कळत नाहीत. डोळे मिटून एकेका नाकपुडीनं कॉफी, वेलदोडा, हिंग ओळखायला द्यावं. विक्स किंवा निलगिरी वापरू नये. ते नाकाला झोंबतं, झोंबणं दुसऱ्याच नसेनं कळतं आणि वास येतोय असं चुकून वाटतं.

सगळ्यांना चहा लावू नये. ज्यानं आयुष्यात चहा केलेला नाही त्याची ती परीक्षा नव्हे, शिक्षा होते. इन्स्ट्रुमेंटल, म्हणजे घर आणि व्यवहार चालवायच्या कामांची लॉटनची यादी १९६९ ची, आठ बाबींची. स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं पुरुषांच्या गुणांतून वगळायची रीत तेव्हापासूनच होती. मग शेतकऱ्याला काय? फवारणीचा पंप. लेबलावर लिटरला २ मिली असेल तर १५ लिटरच्या पंपाला किती? ३० मिली मोजून दाखवा (बाटलीत साधं पाणी ठेवावं, हे सांगायला नको), हातमोजे-मास्क आधी की नंतर, उरलेलं कुठं ओतायचं. हिशोब, क्रम आणि धोका तिन्ही एका कामात दिसतात. दूध घालणाऱ्याला डेअरीची पावती द्या आणि दहा दिवसांचा हिशोब मागा. बाईनं चुलीवर आयुष्य काढलं असेल तर गॅसचा ओटा हे तिच्यासाठी नवं शिक्षण आहे. विभागातली इंडक्शन शेगडी तर कुणाच्याच कामाची नाही.

गोळ्यांची परीक्षा मात्र सगळ्यांना. पेशंटच्या स्वतःच्या पिशवीतल्या पट्ट्या, त्यावर तुमचं १-०-१, १-०-०, ०-०-१. एका दिवसाच्या गोळ्या तीन वाट्यांत लावायला सांगा. '१-०-१' म्हणजे दुपारची नाही, हे वाचणाऱ्या माणसालाही बरेचदा कळत नाही, आणि तो दोष मेंदूचा नसतो, लिहिण्याच्या पद्धतीचा असतो. तीच गोळी दोन कंपन्यांच्या दोन रंगांच्या पट्ट्यांत असेल तर दोन्ही घेतली जाते. इन्सुलिनवाल्यांचं जास्त जोखमीचं. ४० ची (एका मिलीत ४० युनिट) शिशी लाल टोपणाच्या ४० च्याच सिरिंजनं घ्यायची. १०० चं इन्सुलिन त्या सिरिंजमध्ये रेषा मोजून ओढलं तर डोस अडीचपट होतो. हे काम एकट्यावर सोडायचं की नाही, ते एकदा समोर भरायला लावल्याशिवाय सांगता येत नाही.

कामावर किंवा व्यवहाराला परतणाऱ्यांसाठी बाहेरची चाचणी असते. मल्टिपल एरंड्स टेस्टची कल्पना १९९१ ची: बाजारात सोडायचं, काही कामं आणि काही नियम देऊन. मोती चौकात ती छान होते. शंभर ग्रॅम कंदी पेढे, औषधाच्या दुकानातून एक बँडेज, स्टँडवरून वडूजच्या शेवटच्या गाडीची वेळ. नियम: एका दुकानात दोनदा जायचं नाही, दोनशेच्या वर खर्च नाही, साडेअकराला पुन्हा इथं. थेरपिस्ट दहा पावलं मागं. टेबलावर चोख असलेले लोक इथं घसरतात, बहुतेक वेळा वेळेच्या नियमावर.

घरच्यांना विचारायचंच, पण विचारायचं कसं ते महत्त्वाचं. 'करतात का?' आणि 'करू शकतात का?' हे दोन प्रश्न आहेत. एकत्र कुटुंबात सासऱ्यांना पाण्याचा तांब्याही हातात देतात. ते काही करत नाहीत यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुण्याहून शनिवारी येणारा मुलगा 'छान बोलले की माझ्याशी' म्हणतो, आणि रोज सोबत असणारी सून सांगते की काल दूधवाल्याला दोनदा पैसे दिले. सुनेचं लिहून घ्या.

आशाताई घरोघरी आजारांच्या चाळणीचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात ६० वर्षांवरच्यांसाठी जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असा प्रश्न आहे. तो हवाच. पण नावं विसरायला लागेपर्यंत पैसे, गोळ्या आणि गॅस यांचं गणित केव्हाच बिघडलेलं असतं. आरोग्य अधिकाऱ्यांनी त्यासोबत 'पूर्वी करत असलेलं एखादं काम गेल्या वर्षात सोडलं का, की काढून घेतलं?' एवढं विचारायला सांगितलं तर बरीच माणसं लवकर सापडतील. अपंगत्वाच्या दाखल्याचंही तसंच. मानसिक आजाराचं अपंगत्व मोजणाऱ्या आयडियाज मोजपट्टीत स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद-आकलन आणि काम या चार बाबींना ० ते ४ गुण द्यायचे असतात. टेबलापलीकडून पाच मिनिटांत ते अंदाजानंच भरले जातात. कामाच्या निरीक्षणाचं एक पान जोडलेलं असेल तर निदान अंदाजाला आधार मिळतो.

असं पान कसं दिसतं, ते खाली देतो:

'चहा: पाणी, पावडर, दूध क्रमानं. तीन वेळांपैकी दोनदा गॅस बंद करायची खूण द्यावी लागली. बोलत असताना पातेल्याकडे लक्ष नाही. सोबत कुणी असेल तर करू द्यावं, एकट्यानं नको. घर रिकामं असताना रेग्युलेटर बंद. गोळ्या: भरून ठेवलेल्या डब्यातून बिनचूक, पट्टीतून काढताना दोन चुका. डबा रविवारी सुनेनं भरावा. डावीकडे: वस्तू सापडत नाहीत, सांगितल्यावर मान वळवतात. फोन: मुलाचा नंबर लावता येतो. एकटं राहणं: एक तास. दुचाकी: नाही. पुन्हा तपासणी ६ आठवड्यांनी.'

यासाठी पाऊण ते एक तास लागतो. जागा लागते आठ बाय सहा फुटांची, एक ओटा, एक शेगडी आणि आग विझवायचं सिलिंडर. ज्या रुग्णालयात हेही नाही तिथं पॅन्ट्रीचा ओटा दुपारी तीनला मोकळा असतो. पाटण, जावळी, माण, खटाव इथं ऑक्युपेशनल थेरपिस्ट सहसा जवळ नसतो. तिथं सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्ट चहा आणि गोळ्या एवढं तरी पाहू शकतात. मदतीची शिडी एका दुपारी शिकवता येते, ती आम्ही शिकवू.

तुमच्याकडून बदल हवा तो रेफरलच्या चिठ्ठीत. 'ओटी अ‍ॅडव्हाइज्ड' यावर आम्ही काय करावं? प्रश्न लिहा: 'सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरी कुणी नाही, चालेल का?' 'दुकानाचा गल्ला सांभाळू शकतील का?' 'इन्सुलिन स्वतः घेऊ शकतील का?' आणि चिठ्ठी डिस्चार्जच्या दिवशी, गाडी गेटवर लागलेली असताना नको. निदान दोन दिवस आधी. पेशंटसोबत चष्मा, कानाचं मशीन आणि गोळ्यांची पिशवी पाठवा. सोबत जो घरात दिवसभर असतो त्याला पाठवा. गाडी कुणाची आहे ते बघू नका.

आपले,
सातारा व कराड परिसरात काम करणारे काही ऑक्युपेशनल थेरपिस्ट